खिडकीचं पाकीट

शेडमध्ये त्या दिवशी जळलेल्या मोटारी अकरा होत्या. सात विहिरींवरच्या, चार बोअरमधल्या. पाच हॉर्सपॉवरच्या सहा, तीनच्या चार, आणि एक इतकी गंजलेली की तिच्यावरची पाटी वाचता येत नव्हती. तार गुंडाळायचं हातमशीन एक. त्याचा फेरे मोजणारा काटा कधीचाच निकामी. छिन्न्या तीन, वार्निशचा डबा अर्धा, तांब्याच्या तारेची रिळं चार. वह्या एकोणीस, त्यातली आठवी वाळवीनं मधोमध खाल्लेली. आणि खिळ्याला लटकवलेल्या पिशवीत एक फोन. त्या फोनमध्ये एकोणिसांपैकी साडेपाच वह्या उतरवून झाल्या होत्या.

फोन सुनेचा होता. वह्या सासऱ्यांच्या. सासऱ्यांना सगळे वस्ताद म्हणत, घरात आबा. जळलेली मोटर कुणी आणली की तिच्यातलं जुनं तांबं छाटण्याआधी आबा ते मोजत. एका गुंडाळीत तारेचे फेरे किती, तार किती जाड, गुंडाळी कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत शिरते. मग वहीत एक वर्तुळ काढून बाजूला आकडे लिहीत. हे आकडे कंपन्या कुणाला सांगत नाहीत. तांबं एकदा छाटून भंगारात गेलं की मोटर मुकी होते. पुन्हा किती फेरे भरायचे ते मग कुणालाच कळत नाही. एकतीस वर्षांत आबांनी एक हजार चारशेहून जास्त मोटारींचे आकडे लिहून ठेवले होते.

सून लग्नाआधी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. भौतिकशास्त्रात पदवी. म्हणून आबा तिला हाक मारत, "ए सायन्स!" पहिल्यांदा टोमणा होता, नंतर नाव झालं. सायन्सनं या घरात आल्यावर दुसऱ्या वर्षी ब्लॉग सुरू केला. एक मोटर, एक पान. वर्तुळाचा फोटो, खाली आकडे, आणि भरताना काय चुकतं त्याच्या चार ओळी. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. मग कुठूनकुठून मोटारी भरणारे वाइंडर येऊ लागले. "सर, आधीच्यानं न मोजताच तांबं काढलं, पाच एचपी, चोवीस खाचा, मदत करा." सगळे तिला सर म्हणत. तिनं कुणाचं सुधारलं नाही.

पानांवर जाहिराती लागत होत्या. जाहिराती लावणाऱ्या कंपनीचा नियम असा, की कमाई दहा डॉलर झाली की ती टपालानं एक पत्र पाठवते. पत्रात सहा आकडी नंबर. तो नंबर चार महिन्यांत भरला तर तुम्ही दिलेल्या पत्त्यावर खरंच राहता हे सिद्ध होतं. नाही भरला तर जाहिराती बंद, जमलेले पैसे अडकले. पुढे शंभर झाले की पैसे बँकेत.

अकरा मोटारी होत्या त्या सकाळी तिच्या खात्यात १०.३६ होते, आणि कंपनीचा निरोप आला होता: पत्र टाकलं.

"आबा, पत्र निघालं."

आबा मोटारीच्या तोंडात मान घालून बसले होते. "कुणाचं?"

"कंपनीचं. चार महिन्यांत नंबर भरायचा."

"आणि पैसे?"

"शंभर झाले की."

आबांनी मान बाहेर काढली. कपाळावर काजळीचा पट्टा उमटला होता. "हे बघ. चौकातला तो वाइंडर परवापर्यंत तीन एचपीच्या पुढे हात घालत नव्हता. काल त्यानं पाचची भरली. दोन गिऱ्हाइकं गेली माझी. कशावरून भरली?"

तिनं फोन खिळ्यावरच्या पिशवीत परत ठेवला.

"माझ्याच आकड्यावरून. फोनमध्ये बघून. मी एकतीस वर्षं बोटं जाळली आणि तू ते रस्त्यावर मांडून बसलीस."

"त्याचे पैसे येतील ना, आबा."

"येऊ देत की. कंपनी चार महिने म्हणते ना? माझेही चार. तोवर पैसा दिसला तर लिही सगळ्या वह्या. नाही दिसला तर ते दुकान बंद कर. टाकलेलं सगळं काढून टाकायचं. कबूल?"

"कबूल."

नवरा दारातून हे ऐकत होता. खांद्यावर साखळी, हातात पाना. बोअरमधून पंप काढायला निघाला होता. "आपल्याच घरात टेंडर निघालं," म्हणाला आणि गेला.

ऊन वाढत गेलं तशी वीज कमी दाबानं येऊ लागली आणि मोटारी पटापट जळू लागल्या. अकराच्या सतरा झाल्या. सायन्स पहाटे उठून स्वयंपाक उरकायची आणि सातला शेडमध्ये बसायची. तिचं काम मोजण्याचं. आबा छिन्नीनं गुंडाळ्यांची एक बाजू कापत. कापलेली टोकं ब्रशच्या केसांसारखी दाट दिसत. ती दाभणानं एकेक टोक बाजूला सारून मोजायची, मग उलटीकडून पुन्हा. दोन्ही आकडे जुळले तरच लिहायची. त्यानंतर मोटर जाळावर ठेवून उरलेलं तांबं पक्कडीनं ओढायचं. जळक्या वार्निशचा वास केसांत बसे आणि दोनदा धुतल्याशिवाय जात नसे. नव्या तारेनं बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडत. मीठ हाताला लागलं की त्या कळायच्या.

दुपारी पाऊण तास आडवं व्हायचं. त्या वेळात ती फोनवर एक पान चढवायची.

अठ्ठावीस दिवस झाले, पत्र आलं नाही. कंपनी म्हणत होती, दुसरं मागवा. तिनं मागवलं. टपालवाला आठवड्यातून दोनदा गल्लीत यायचा, पण ती शेडमध्ये मागच्या बाजूला असायची आणि घराचं दार पुढच्या बाजूला. दारात सासूबाई बसलेल्या असत.

"आई, माझं काही आलं का?"

"तुझं काही नाही आलं."

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. हे तिला छप्पन्नाव्या दिवशी कळलं. त्या दिवशी वार्निश संपलं म्हणून ती दुकानाकडे निघाली, आणि वळणावर टपालवाला सायकलची साखळी बसवताना दिसला.

"दादा, दोन महिने झाले. परदेशातलं एक पत्र यायचं होतं. लांबट, पांढरं."

टपालवाल्यानं साखळी सोडली आणि हात पुसला. "खिडकीचं पाकीट?"

"म्हणजे?"

"पुढे प्लॅस्टिकची खिडकी असते, आतून पत्ता दिसतो. तसलं?"

"हो, तसलंच असेल."

"ते तर दोनदा आलं, बाई. दोन्हीदा परत गेलं." तो तिच्याकडे न बघता बोलला. "तुमच्याच दारातून. 'घेण्यास नकार' लिहून. मी तर म्हटलंसुद्धा, मावशी, यावर परदेशाचा शिक्का आहे. त्या म्हणाल्या, शिक्का कुठलाही असू दे, खिडकी आहे ना? परत ने."

सायन्स वार्निश न घेताच घरी आली.

झालं होतं ते असं. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला घरात धाकटे काका म्हणत, यांच्या घरांमध्ये एक बोळ होता. शेडची एक भिंत त्या बोळाला लागून. काकांचं म्हणणं, शेड बोळात आत आलंय. आबांचं म्हणणं, वडिलांनी हयातीत तिथंच खुंटी मारून दिली होती. खुंटी आता कुणालाच सापडत नव्हती. काकांनी वकील गाठला. मग आबा कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडे गेले. त्यानं चहा पीत सल्ला दिला: कागद हातात घेतलाच नाही तर तुम्हाला काही कळलंच नाही. कळलं नाही तर तुमच्यावर काही चालत नाही. तेव्हापासून घरात हुकूम होता. छापील पत्त्याचं काहीही आलं तरी घ्यायचं नाही.

आणि सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी स्वतःची खूण ठरवून घेतली होती.

"वकिलाचं पहिलं आलं त्याला खिडकी होती," त्या म्हणाल्या. "मी लांबूनच ओळखते. आजवर पाच परत धाडलीत. एक विजेच्या बिलाचंही गेलं म्हणा, पण बाकीची बरोबर धाडली."

"त्यातली दोन माझी होती, आई."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मग खाली आला. "मग तुझ्या कंपनीला साधं पाकीट परवडत नाही का?"

संध्याकाळी तिनं आबांना विचारलं. तिसरं पत्र शेवटचं होतं. त्यानंतर कंपनी पत्र पाठवत नाही. ते तेवढं घेऊ द्या.

"नाही."

"मी स्वतः दारात बसते. वाचून घेते. वकिलाचं असेल तर परत."

"टपालवाला माझ्या भावाच्या घरी चहा पितो. तू एक घेतलंस की तो दुसरं पायरीवर टाकून पळेल. आणि म्हणेल, पोचवलं." आबा हात धूत होते, राखेनं चोळून, मग साबणानं, तरी नखांतली काळी रेघ जात नव्हती. "तुझं पत्र आणि त्याची नोटीस एकाच पिशवीतून येतात. पिशवीलाच दार बंद."

"मग चार महिन्यांचं काय?"

"मी का तुला अडवलंय? चार महिने आहेत ना अजून? निम्मे."

नवऱ्यानं ताटावरून मान वर केली नाही. नंतर अंगणात तिला म्हणाला, "अगं, सरळ पोस्टात जा. दारात यायच्या आधीच घे."

तिनं तिसरं पत्र मागवलं. पोस्ट होतं पलीकडच्या मोठ्या गावात, सव्वापाच किलोमीटर. मागवल्याच्या अठराव्या दिवसापासून ती एक दिवसाआड सकाळी पावणेअकराला घरून निघून तिथं जाऊ लागली. चालत जायला एक तास पाच मिनिटं, उन्हात परत यायला एक तास वीस. घरी सांगायची, कागदाचे नमुने बघायला जाते. मोटारीच्या खाचेत तारेखाली घालायचा जाड कागद खरंच संपत आला होता, त्यामुळे ते अर्धं खरंही होतं.

पोस्टमास्तर एकटाच माणूस. तोच शिक्के मारायचा, तोच पैसे घ्यायचा, तोच पंखा हलवून चालू करायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं तिला ओळखलं.

"आलात? बरं झालं." त्यानं खणातून दोन पाकिटं काढून काउंटरवर शेजारीशेजारी ठेवली. दोन्ही लांबट, पांढरी, दोन्हींना खिडकी. एकावर परदेशाचा शिक्का. दुसऱ्यावर कोर्टाचा, आणि पोचपावतीचं गुलाबी कार्ड टाचलेलं.

ती पहिल्याकडे हात नेऊ लागली. त्यानं त्यावर पंजा ठेवला.

"दोन्ही."

"दुसरं माझं नाही, साहेब. ते सासऱ्यांचं आहे."

"तुम्ही घरातल्याच ना? ओळखपत्रावर पत्ता तोच. सही चालते."

"ते घेत नाहीत ते."

"ते मला सांगता?" त्यानं एक जाड रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं. एका पानावर त्यांचं घर पाच ओळींत होतं. "नकार, नकार, नकार. प्रत्येक नकाराला मला तीन ठिकाणी लिहावं लागतं. एक ठेवून घ्यायचं, एक परत करायचं, असली निवडानिवड मी करणार नाही. माझ्या बुकात घर एक आहे. घ्यायचं तर घर घेईल, नाही तर घर नाकारेल."

"असा नियम आहे?"

"नाही," तो म्हणाला. "पण मी एकटा आहे आणि बारा वाजता खिडकी बंद होते."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बावन्न झाले होते. तिनं नवऱ्याला फोन लावला. लागला, पण उचलला नाही. त्या वेळी तो दीडशे फूट पाइप साखळीवर तोलून धरत असणार, हे तिला माहीत होतं. पुन्हा लावला नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "नकार लिहिला तर नोटीस पोचली नाही असं धरतात ना?"

पोस्टमास्तर हसला. चेष्टेनं नाही, थकलेला माणूस हसतो तसा. "कुणी सांगितलं? नकार म्हणजे पोचलीच. आणखी एकदा नकार दिला की दाराला चिकटवतात, आणि पुढे तुमच्या माघारी तारीख लागते. तुम्ही तिथं नसता. समोरचा सांगेल ते लिहून घेतात."

अकरा पंचावन्नला तिनं गुलाबी कार्डावर सही केली. पेन दोरीनं बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती, त्यामुळे सही तिरकी आली.

घरी पोचली तेव्हा आबा मशीनवर होते. काटा बिघडल्यापासून ते तोंडानं मोजत. मोजताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा शेडमधला एकमेव लेखी नसलेला नियम. एकदा चुकलं की सगळी तार उलगडावी लागे. ती पाकिटं हातात धरून उभी राहिली. आबांनी तिला पाहिलं, पाकिटं पाहिली, खिडक्या पाहिल्या. हात थांबला नाही.

"एकोणतीस. तीस. एकतीस."

हँडल फिरत राहिलं. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर घाम वाळून मिठाची रेघ आली होती.

"चोपन्न. पंचावन्न. छप्पन्न." त्यांनी तार कापली, गुंडाळी सुतळीनं बांधली, बाजूला ठेवली. मग हात पुढे केला.

तिनं दोन्ही दिली. त्यांनी एकेका हातात एकेक धरलं, जशी तारेची रिळं वजनाला धरत. परदेशी शिक्क्याचं तिला परत दिलं.

"उघड तुझं."

पत्राच्या तिन्ही बाजूंना फाडायच्या टिंबटिंब रेघा होत्या. आत पाऊण पान मजकूर आणि मध्ये सहा आकडे.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे तू सही करून घेतलंस."

"हो. तो म्हणाला, नकार दिला तरी पोचलीच धरतात, आबा. तो अर्जवाला चुकीचं—"

"सही केलीस."

"हो."

आबांनी दुसरं पाकीट तिच्याकडे केलं, कारण चष्मा आत होता. तिनं वाचलं. बोळाची आणि शेडची मोजणी. तारीख अठरा दिवसांवर. दोन्ही पक्षांनी हजर राहावं.

सासूबाई मागच्या दारात येऊन थांबल्या होत्या. "मी पाच परत धाडली," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तू एका दिवसात दोन घेतलीस."

आबा ओरडले नाहीत. त्यांनी सुतळीचा तुकडा उचलून गुंडाळला, खिशात ठेवला. "उद्यापासून माझ्या मशीनला हात लावायचा नाही. वह्यांनाही नाही. बाहेर बसून तांबं उपस."

नऊ दिवस ती बाहेर बसली. जाळावरून काढलेल्या मोटारी गुडघ्यांमध्ये धरून पक्कडीनं तांबं ओढायचं, खाचा कानसीनं घासायच्या. शेडच्या सावलीचा पट्टा अकरानंतर नाहीसा होई. गिऱ्हाइकं यायची, तिच्याकडे बघायची. एकानं विचारलंसुद्धा, "वस्ताद, सूनबाईंना बढती दिली वाटतं?" आबा म्हणाले, "मोटर कधी हवी तेवढं बोल." पहिल्याच संध्याकाळी तिनं सहा आकडे भरले होते, कंपनीचा निरोप आला, पत्ता सिद्ध झाला. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवं पान चढवता येत नव्हतं, पण जुनी पानं लोक वाचत होते. सगळीकडेच मोटारी जळत होत्या.

दहाव्या दिवशी आबांनी भरलेली एक मोटर चाचणीला लावली तर ती गुरगुरली आणि सात मिनिटांत हात ठेवता येईना इतकी तापली. आबांनी ती बंद केली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. त्यांनी तिची तोंडं उघडून बराच वेळ पाहिलं. मग न बघताच हाक मारली.

"ए सायन्स."

ती दारात आली.

"मोज."

तिनं एकेक गुंडाळी तपासली. चौथीत छप्पन्नाऐवजी एकोणपन्नास फेरे होते. तिनं आकडा सांगितला. आबांनी मान हलवली. "त्या दिवशी भाऊ बोळात कुणाला तरी जागा दाखवत होता. ऐकत बसलो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आतच बस आता. बाहेर ऊन आहे."

वह्यांबद्दल काही बोलले नाहीत. तिनंही विचारलं नाही.

मोजणीदार ठरल्या दिवशी नऊ वाजता आला. सोबत फीत धरायला एक माणूस, काखेत गुंडाळलेला नकाशा. धाकटे काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आबा कामाच्याच कपड्यांत, मुद्दाम. दोघं भाऊ बोळाच्या दोन तोंडांना उभे राहिले आणि मधे फीत ताणली गेली. सासूबाईंनी मोजणीदाराला चहा दिला. मग काकांच्या घरूनही चहा आला. त्यानं दोन्ही प्यायला.

दीड तास गेला. ऊन बोळात उतरलं. मोजणीदारानं नकाशावर पट्टी ठेवली, पुन्हा एकदा मागच्या कोपऱ्यापासून मोजलं, आणि खडूनं शेडच्या जमिनीवर आतून एक रेघ ओढली. मशीनचा एक पाय रेघेच्या पलीकडे होता.

"बेचाळीस सेंटिमीटर," तो म्हणाला. "शेड बोळात आत आहे."

आबा रेघेकडे बघत राहिले. "एवढंच?"

"तुम्हाला किती वाटलं होतं?"

"हा तर म्हणत होता अर्धं शेड."

"मी कधी म्हटलं अर्धं?" काका पुढे आले. "वकील म्हणाला."

"आणि मला अर्जवाला म्हणाला."

नवरा भिंतीला हात लावून उभा होता. मनात विटांचा हिशेब करत होता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मग काका उगाच खाकरले. "माझी विहिरीवरची जळली होती गेल्या महिन्यात. चौकातल्याकडून भरून घेतली."

"माहीत आहे. टेम्पोतून नेलीस, ताडपत्री झाकून."

"तुझ्याकडे कशी आणणार होतो? तारीख चालू असताना?" काकांनी सदऱ्याची बाही नीट केली. "तुझ्याच आकड्यावर भरली त्यानं. फोनमध्ये बघितलं माझ्यासमोर. वर्तुळ तुझंच होतं, मी ओळखलं. तुला गोल कधी नीट काढता आला नाही."

"किती फेरे टाकले?"

"मला काय माहीत किती टाकले."

"चालते का?"

"चालते की."

"गरम?"

"नाही."

आबांनी सुनेकडे पाहिलं. "कुठल्या वहीतली?"

"सहावी. पान चाळीस."

"बरोबर आहे ती," आबा म्हणाले आणि चहाचा कप उचलून आत गेले.

भिंत पाडायला दोन दिवस लागले, उभारायला सहा. नवऱ्यानं आणि गवंड्यानं मिळून केली. जुन्या विटांतल्या दोनशे दहा पुन्हा वापरता आल्या. मशीन दुसऱ्या भिंतीला लावलं. आता मोटर फिरवून ठेवायला जागा नव्हती, म्हणून मोठ्या मोटारी दाराबाहेर उघडायच्या असं ठरलं. सासूबाईंनी टपालवाल्याला बोलावून सांगितलं की आता सगळी पाकिटं घेणार. तो म्हणाला, "खिडकीचीसुद्धा?" त्या म्हणाल्या, "दाराची असली तरी."

एकशेविसावा दिवस आला. दुपारी आबा जेवून शेडच्या उंबऱ्यावर टेकले होते. सायन्स खाचांचे कागद कापत होती. कागद सव्वा सेंटिमीटर जास्त ठेवून दोन्ही टोकं दुमडायची.

"आज चार महिने," आबा म्हणाले.

"हो."

"आले?"

तिनं हात पुसून फोन काढला. "शहाण्णव पूर्णांक वीस."

"शंभरला देतात म्हणालीस."

"हो."

"म्हणजे नाही आले."

"नाही आले."

ती कात्री खाली ठेवून बसली. कबूल म्हटलं होतं. साडेसहा वह्यांची चारशे ऐंशी पानं काढून टाकायला किती वेळ लागेल, याचा अंदाज तिनं आधीच केला होता: एका पानाला वीस सेकंद धरली तर दोन तास चाळीस मिनिटं.

आबांनी काडीनं दात कोरले. काडी फेकली. आज भरून झालेली मोटर समोरच उन्हात वाळत ठेवली होती. तिच्यावरच्या वार्निशला त्यांनी बोटाचं टोक लावून पाहिलं. बोट चिकटलं.

"रोज किती वाढतं?"

"शेवटच्या आठवड्यात सरासरी एक पूर्णांक दोन."

"मग किती दिवस?"

"चार."

"वार्निश ओलं असताना मोटर गिऱ्हाइकाला देतो का आपण?"

"नाही."

"मग," आबा म्हणाले, आणि आत आडवे व्हायला गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नवरा येऊन बसला, सासूबाई दारात थांबल्या. आबांनी चष्मा लावला, फोन स्वतःच्या हातात घेतला, आणि फेरे मोजताना म्हणत तसा आकडा मोठ्यानं वाचला.

"एकशे एक पूर्णांक शून्य सहा."